रंग न जाणारं कापड नापास

माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते कापडाचा रंग जातो की नाही हे पाहायच्या नोकरीवर होते. जाऊ नये म्हणून नव्हे, जावा म्हणून. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे, आणि प्रत्येकाने हातातला कप खाली ठेवून मला ते पुन्हा म्हणायला लावलं आहे.

मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये एक निर्यातीची पेढी होती, आप्पा तिथे होते. आसपासच्या खेड्यांतले विणकर हातमागावर चौकड्यांचं कापड विणत. तांबडं, निळं, पिवळं, हिरवं, सगळे रंग एकमेकांना छेदून जाणारे. ते कापड बोटीतून परदेशी जाई आणि तिकडची तरुण मुलं त्याचे शर्ट घालून समुद्रावर हिंडत. त्यांना रंग धुण्यात उतरलेला हवा असे. पहिल्या धुण्यात निळा तांबड्यात शिरायचा, दुसऱ्यात हिरवा पिवळ्यात, आणि एकाच शर्टात वर्षभर नवनवे शर्ट. रंग गेला नाही तर तिकडचं गिऱ्हाईक तक्रार करी.

म्हणून आप्पांच्या टेबलावर पाण्याची वाटी, पांढरा रुमाल आणि धागे मोजायचं भिंग असे. कापडाच्या ठाणाचं टोक वाटीत बुडवायचं, रुमालावर घासायचं. रुमाल रंगला तर माल पास. कोरा राहिला तर आप्पा चष्म्यावरून समोरच्या विणकराकडे पाहत आणि घरात कोणी आजारी असल्यासारख्या आवाजात म्हणत, "रंग पक्का आहे हो. परत न्या."

बारा वर्षं त्यांनी हे केलं. बारा वर्षं त्यांचा रुमाल संध्याकाळी इंद्रधनुष्य होऊन घरी येई आणि आई तो वेगळ्या बादलीत टाकी. रुमाल शाईने खराब होतो अशी तिची समजूत होती. आप्पांनी ती कधी दुरुस्त केली नाही, कारण कचेरीतलं घरी आणायचं नाही असा त्यांचा नियम होता. या नियमाचं पुढे काय झालं ते सांगायलाच मी बसले आहे.

साठच्या दशकाच्या मध्यावर केव्हा तरी त्या परदेशातल्या एका मुलाने सकाळी उठून कपाट उघडलं, चौकड्यांचा शर्ट हातात घेतला, आरशासमोर अंगाला लावून पाहिला आणि परत ठेवून दिला. या उन्हाळ्यात नको, म्हणाला असेल. मी त्याला पाहिलेलं नाही, पण तो मला स्पष्ट दिसतो. केस पिंगट, पायात मोजे नाहीत, चेहऱ्यावर आमच्याबद्दल कसलाही आकस नाही. त्याने शर्ट ठेवला, त्याच्या मित्रांनी ठेवला, आणि जॉर्ज टाउनच्या गोदामात गासड्या छतापर्यंत चढल्या.

आधी विणकर आले. गावाहून पहाटेच्या बसने, खांद्यावर ठाणं घेऊन. त्यातल्या एका म्हाताऱ्या विणकराचं ठाण आप्पांनी सवयीने वाटीत बुडवलं, घासलं, रुमाल छान रंगला. "पास आहे," आप्पा म्हणाले, "पण घेता येत नाही." म्हातारा म्हणाला, "पास असून घेत नाही, तर नापास कशाला म्हणायचं ते तरी सांगा." त्या दिवशी मात्र त्यांनी नियम मोडून हे घरी सांगितलं, आणि ताटावरून अर्धवट उठले.

मग पेढीने निम्मी माणसं घरी पाठवली. आप्पांना "काम सुरू झालं की बोलावू" असं सांगितलं आणि थकलेल्या पगाराऐवजी कापड दिलं. पेढीचा मालकही वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. हातगाडीवर लादून चौकड्यांची ठाणं आमच्या मैलापूरच्या बिऱ्हाडी आली, आणि आठवड्याभरात आमच्या घरात चौकडा नसलेली वस्तू म्हणजे फक्त पाण्याचा घडा. पडदे, उशा, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, झंपर, माझा परकर, शेजारणीच्या बाळाची झबली, सगळं एकाच ठाणातलं. मी पडद्याजवळ उभी राहिले की आईला सापडत नसे. हा गुण मी भांडी घासायच्या वेळी फार वापरला.

गंमत मला होती, कारण मी अकरा वर्षांची होते. पण पणाला काय लागलं होतं ते मलाही ठाऊक होतं. माझी अक्का बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रसायनशास्त्र. आमच्या घराण्यात तंजावरपासून आजवर कोणी मुलगी कॉलेजात गेली नव्हती, आणि परीक्षा उन्हाळ्यात होती. आम्ही राहायचो ती मागची दोन खोल्यांची जागा, ज्याला मद्रासेत पोर्शन म्हणतात, तिचं भाडं तीन महिने थकलं होतं. घरमालकीण मामी पुढच्या पोर्शनमध्ये राहायच्या. त्यांनी आईला विहिरीवर गाठून सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत थांबते. दिवाळीनंतर माझा भाचा येतोय, त्याला जागा लागेल." जागा सोडायची म्हणजे बिऱ्हाड उचलून तंजावरला काकांच्या दारात, आणि अक्काचं कॉलेज तिथेच संपलं. अक्का पहाटे उठायची ती आणखी लवकर उठू लागली.

आईने एक गोष्ट मात्र ठरवून टाकली होती. नोकरी गेल्याचं रस्त्यावर कोणाला कळता कामा नये.

"रजेवर आहेत म्हणायचं," तिने आम्हाला बजावलं. आमची मराठी तंजावरची, तिला जुन्या तांब्याचा रंग आणि तमिळचा हेल. "विचारिलं तर रजा. इतकंच."

"खोटं कशास?" आप्पा म्हणाले.

"नोकरी गेली म्हटलं की लोक पहिलं काय विचारतील? काय केलं होतं म्हणून विचारतील. मग तुम्ही काय सांगाल?"

"काही केलं नाही म्हणेन."

"ते कोणी ऐकून घेतलंय की?"



तशात नवरात्र आलं. मद्रासेत नवरात्र म्हणजे कोलू. घरात लाकडी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या, रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या बायकांना बोलवायचं, त्यांनी बाहुल्यांसमोर एक गाणं म्हणायचं, आणि जाताना हळदकुंकू, विडा आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ, घेऊन जायचं. त्या वर्षी तांदळाच्याही रांगा होत्या. कोणीही आपला कोलू लहान केला असता. आईने मोठा केला. पायऱ्या वाढवल्या, त्यांवर चौकडे अंथरले, आणि जाहीर केलं की नवरात्रातल्या शुक्रवारी येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला चोळीचा खण.

"कुठून?" अक्का म्हणाली.

आईने ठाणांकडे बोट केलं. मग आप्पांना विचारलं, "हे चांगलं आहे की? द्यायला लाज नाही ना?"

आप्पा दुखावले. त्यांनी ठाणाचं टोक दोन बोटांत धरलं, उजेडात नेलं. "माझ्या हातचा पास माल आहे. याहून उत्तम या शहरात मिळणार नाही."

खरं सांगते, यात लबाडी तिळभर नव्हती. बारा वर्षं ज्या माणसाने रंग गेला की आनंद मानला, त्याच्या डोक्यातून एक साधी गोष्ट निघून गेली होती. बाकीच्या जगात रंग जाणं हा दोष असतो.

आणि एक गोष्ट मी तीस वर्षं कोणाला सांगितलेली नाही, ती आता सांगते. मला कळलं होतं. मी नव्या चौकड्याच्या परकरात, हातात कुंकवाची डबी घेऊन, साऱ्या रस्त्याला आमंत्रण देत उन्हात हिंडले होते. घरी येऊन परकर सोडला तर कमरेभोवती निळा पट्टा. मी घासला, गेला नाही. मला रोग झाला आहे आणि मी नवरात्र संपायच्या आत मरणार, अशी माझी खात्री झाली. मी बाहुल्या कोणाला द्यायच्या ते ठरवलं, अक्काला माफ केलं, आणि सुंडल दोनदा मागून घेतलं. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आजारी मुलीला कोलूत गाऊ देणार नाहीत, या भीतीने मी गप्प राहिले. मग मी गायले, आणि आप्पा कौतुकाने डोळे मिटून बसले. अक्काच्या मते डोळ्यांऐवजी कान मिटायची सोय हवी होती.

शुक्रवारी आख्खा रस्ता आला. आईने एकेकीच्या ओटीत खण घातला. घरमालकीण मामींनी त्यांचा खण उलटून पाहिला, नाकाशी नेला. त्या कापडाला तिळाच्या तेलाचा आणि निळीचा एक वास असायचा. मग त्यांनी खोलीभर रांगेने बसलेल्या बायकांकडे, त्यांच्या हातांतल्या खणांकडे आणि शेवटी आईकडे पाहिलं.

"फार छान, मामी," त्या म्हणाल्या. त्या रस्त्यावर प्रत्येक बाई दुसरीला मामीच म्हणे. "सगळ्यांना खण. दानाला हात मोठा आहे तुमचा. देण्याला मात्र जरा आखूड पडतो."

आईचा चेहरा कुंकवासारखा झाला. तिला वाटलं होतं खणाने अब्रू वाचेल. झालं उलटं. आता मामींच्या लेखी आम्ही अडचणीतले लोक राहिलो नव्हतो, पैसे असून भाडं बुडवणारे झालो होतो. त्या पायरी उतरताना म्हणाल्या, "भाच्याला मी पत्र टाकलंय." अक्का दिवा पुसत होती, ती तोच दिवा पुसत राहिली.

सगळ्यांनी खण जपून ठेवले, कारण कोपऱ्यावरच्या शिंप्याने सांगितलं होतं की दिवाळीचे झंपर विजयादशमीपासून घेईन, पण कापड आधी भिजवून, वाळवून आणा, नंतर आटलं तर मी जबाबदार नाही. मद्रासचा पाऊस दिवाळीकडे येतो, तो अजून आला नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या. म्हणून विजयादशमीच्या पहाटे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक शहाण्या बाईने एकच शहाणा विचार केला. पाणी वाचवायचं. घरच्या पुरुषांची सणाची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतरं, जिथे भिजत घातली होती, त्याच बादलीत तिने खण टाकला.

मी दात घासत होते. पहिली किंकाळी पलीकडच्या घरातून आली. दुसरी समोरून. मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "अय्यो, अय्यो" असा नाद उठला, आणि मला वाटलं माझा रोग सगळ्यांना लागला.

वर पाहिलं तर परसांत उंच बांबूंवर, जिथे मडीचे, म्हणजे सोवळ्याचे, कपडे काठीने वाळत टाकतात, तिथे वेष्टी चढत होती. गुलाबी. जांभळी. एक फिकट हिरवं. एकावर निळ्या ढगांच्या रांगा. इतका सुंदर रस्ता मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

घरमालकीण मामी आमच्या दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत जरीकाठाचं एक वेष्टी ताणून धरलेलं. ते आता जास्वंदीच्या पाकळीच्या रंगाचं होतं.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "यांना आज चार वाजता सभेत अध्यक्ष म्हणून बसायचंय. उरलेली दोन्ही याच बादलीत होती. काय कापड दिलंत तुम्ही आम्हाला? रंग जातो त्याचा."

आई भिंतीला टेकली. आप्पा मात्र पुढे झाले. त्यांनी वेष्टी हातात घेतलं, काठ पाहिला, ओलं टोक दोन बोटांनी चोळलं, आणि बारा वर्षांच्या सवयीने त्यांचा चेहरा उजळला.

"जातो ना?" ते म्हणाले. "बघा, किती सारखा गेलाय. कुठे डाग नाही. उत्तम माल."

मामी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "राव," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"न जाता तर मी नापास केलं असतं. माझं कामच ते." आणि आप्पांनी सगळं सांगितलं. वाटी, रुमाल, परदेशातली मुलं, दर आठवड्याला नवा होणारा शर्ट. मामी ऐकता ऐकता पायरीवर बसल्या.

"रंग जातो म्हणून जास्त पैसे देतात?"

"देत होते. आता नको म्हणाले. मग गोदामं भरली, मग आम्हाला घरी पाठवलं."

आई म्हणाली, "रजा," पण फार बारीक आवाजात.

"घरी पाठवलं?" मामी म्हणाल्या. "काय केलं होतं तुम्ही?"

आईने डोळे मिटले. हाच तो प्रश्न.

"काही नाही, मामी," आप्पा म्हणाले. "विणकरांनी चांगलं विणलं, मी नीट तपासलं, मालकांनी वेळेवर पाठवलं. त्या मुलांनीही काही वाईट केलं नाही. त्यांना दुसरा शर्ट आवडला. मी बसून पुष्कळ शोधलं, चुकलं कोणाचं म्हणून. एक सापडलं असतं तर बरं वाटलं असतं."

विहिरीवर रहाट वाजत होता.

"आणि हे खण?" मामींनी विचारलं. "विकत आणलेले नव्हेत?"

"पगार आहे तो माझा."

मामींनी आईकडे पाहिलं. "नवऱ्याचा पगार कापून रस्त्यावरच्या बायकांच्या ओटीत घातलात तुम्ही? अब्रूसाठी?"

आईने मान हलवली. मामी उठल्या, वेष्टी खांद्यावर टाकलं आणि गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. अक्काने आत जाऊन तंजावरच्या काकांना लिहायला कागद काढला. आईने तिला सांगितलं, आज विजयादशमी, असलं पत्र आज नको. अक्काने कागद ठेवला, पण पेन हातातच धरून बसली.

चार वाजता सभा, म्हणजे रस्त्यावरच्या गानमंडळाची मैफल. ती चुकवणं मला शक्य नव्हतं. मी आणि अक्का मागच्या दारी चटईवर बसलो. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रस्त्यावरच्या मामांसाठी राखलेल्या, आणि एकेक मामा येऊ लागला. पोस्टमास्तर मामा गुलाबी. संस्कृतचे मास्तर मामा फिकट हिरवे. बँकेतले मामा निळ्या ढगांत. प्रत्येक जण दारातून मान खाली घालून आत शिरे, पुढची रांग पाही, आणि त्याची मान वर येई. शेवटी आमचे घरमालक, निवृत्त वकील, भस्म लावून, जास्वंदी वेष्टीत व्यासपीठावर चढले. त्यांनी खाली आपल्या रंगीत मंडळींकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. पाहुणे गवई गायला बसण्याआधी चिटणिसांच्या कानाशी लागले, आणि नंतर कळलं की त्यांनी विचारलं होतं, ही या सभेची प्रथा आहे की काय, असेल तर मलाही आधी कळवायला हवं होतं. चिटणीस हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दिवेलागणीला मामी पुन्हा आल्या. या वेळी हातात वेष्टी नव्हतं. आई उभी राहिली, आप्पा उभे राहिले. मामींनी दोघांना ओलांडून अक्काकडे पाहिलं.

"आज विजयादशमी आहे," त्या म्हणाल्या. "आज वाचायला बसायचं असतं. पुस्तक कुठे आहे?"

"देवापुढे," अक्का म्हणाली. "पण आम्ही दिवाळीनंतर..."

"दिवाळीनंतर काय? परीक्षा दिवाळीनंतरच आहे ना? माझ्या भाच्याच्या आईकडे तीन खोल्या आहेत, तो काही उघड्यावर नाही." मग आप्पांकडे वळून, "राव, काम लागेल तेव्हा भाडं द्या. तोवर मी विचारणार नाही. फक्त एक गोष्ट. कापडात देऊ नका."

आप्पा हसले. नोकरी गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. आई मात्र पदरात तोंड लपवून रडली, आणि मामी तिला म्हणाल्या, "पुरे हो मामी, पदरही चौकड्याचा आहे, तोंड निळं होईल." तेव्हा मला माझ्या रोगाचा उलगडा झाला, आणि एकदम फार बरं वाटलं.

आप्पांना काम लागायला पुढचा उन्हाळा उजाडला. अड्यारकडे एका छापखान्यात, तिथे रंग पक्का बसतो की नाही ते पाहायचं होतं, आणि पहिले काही आठवडे ते फार गोंधळलेले असत. त्या म्हाताऱ्या विणकराचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही. दोनदा बसने जाऊन आले. माग बंद होता आणि घराला कुलूप.

मामींनी भाड्याचा विषय सोडला, पण अक्काला सोडलं नाही. रोज दिवे लागले की त्या आमच्या खोलीत येऊन बसत आणि रसायनशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर उघडून म्हणत, "हं, म्हण." त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पुस्तक बहुतेक वेळा उलटं असे. त्या शब्द ऐकतच नसत, अक्काचा वेग ऐकत. अक्का कुठे क्षणभर अडखळली की बोट पानावर टेकवून म्हणत, "इथे कच्चं आहे, पुन्हा." आणि अक्का शपथेवर सांगते, दर वेळी ते तिथेच कच्चं असे.

ती पहिल्या वर्गात आली. निकालाचा कागद मामींनी तिच्या आधी हातात घेतला, उलटा धरला, आणि बराच वेळ वाचून मान डोलावली.